आधी उंदीर, मग चाल: मोरोविंडमध्ये स्वतःचं लढाईचं संगीत बसवताना

‘फाइल टाकली, तरी जुनंच संगीत वाजतंय.’ ‘माझा ट्रॅक वाजतो, पण रंगात येण्याआधीच तुटतो.’ ‘हेडफोनवर भारी वाटत होतं, गेममध्ये नुसता कालवा होतोय.’ मोरोविंड या कॉम्प्युटर गेमचं लढाईचं संगीत बदलायला निघालेल्या मंडळींकडून या तीन तक्रारी मी इतक्या वेळा ऐकल्यात की आता समोरच्यानं तोंड उघडलं की कोणती येणार ते कळतं. तिन्हींचं मूळ एकच आहे. काम उलट्या टोकानं सुरू झालेलं असतं. महिनाभर बसून चार मिनिटांची चाल बांधायची आणि गेमचा फोल्डर शेवटच्या रात्री उघडायचा, असा बहुतेकांचा प्रकार. खाली दिलेला क्रम नेमका याच्या उलट आहे. आधी फाइल वाजते की नाही ते बघायचं, मग लढाया मोजायच्या आणि मगच चाल करायला बसायचं.

मोरोविंड (२००२) घेण्याचं कारण सोपं आहे. त्याचं संगीत साध्या एमपीथ्री फाइलींच्या रूपात उघड्या फोल्डरमध्ये पडलेलं असतं. स्कायरिमसारख्या पुढच्या गेममध्ये तेच संगीत बीएसए पेटीत (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या एका फाइलीत) बंद असतं, शिवाय एक्सडब्ल्यूएमए या वेगळ्या स्वरूपात. तिथे पेटीतली नावं बघणं आणि स्वरूप बदलणं या जादा पायऱ्या येतात. चाल कशी बांधायची याबद्दल खाली जे आहे, ते मात्र तिथेही बरंचसं लागू पडतं.

## तयारी: काय काय जवळ हवं

गेमची विकत घेतलेली प्रत, स्टीमची किंवा गॉगची. तो मूळ इंजिनवर चालवा किंवा ओपनएमडब्ल्यू या मोफत, मुक्त इंजिनवर (इंजिन म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम). दोन्हींत थोडा फरक आहे, तो जागोजागी सांगतो. संगीतासाठी रीपर, एलएमएमएस किंवा हाताला सवयीचं असेल ते कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. कापाकापीसाठी ऑडॅसिटी. आवाजाची पातळी मोजायला यूलीनचा मोफत लाउडनेस मीटर. एक वही. आणि विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन दिसतील अशी सेटिंग आत्ताच चालू करून ठेवा. हे शेवटचं कुणी करत नाही, म्हणून पुढे ‘ट्रॅक डॉट एमपीथ्री डॉट एमपीथ्री’ नावाच्या फाइली जन्माला येतात.

## १. गेम संगीत कसं निवडतो ते आधी बघा

गेमच्या ‘डेटा फाइल्स’ फोल्डरमध्ये ‘म्युझिक’ नावाचा फोल्डर आहे. त्यात तीन फोल्डर आहेत: एक्सप्लोर, बॅटल आणि स्पेशल. भटकताना एक्सप्लोरमधलं वाजतं, लढाईत बॅटलमधलं. स्पेशलमध्ये सुरुवातीच्या पडद्याचं, मरणाचं आणि पातळी वाढल्यावरचं संगीत असतं. आपलं काम फक्त बॅटलशी आहे.

कुणी शत्रू अंगावर धावून आला की गेम बॅटल फोल्डरमधली एखादी फाइल उचलतो आणि सुरुवातीपासून वाजवतो. लढाई संपली की ती विरते आणि पुन्हा भटकंतीचं संगीत सुरू होतं. पुढच्या लढाईला नवी फाइल, तीही पहिल्या सेकंदापासून. मधून उचलणं नाही, थर चढवणं नाही, शत्रू किती मोठा याचा हिशोबही नाही. उंदीर असो, डोक्यावर घिरट्या घालणारा क्लिफ रेसर असो की तलवार उगारलेला ड्रेमोरा, फोल्डर एकच.

यातून तीन गोष्टी निघतात, त्या वहीत लिहून ठेवा. एक, तुमच्या ट्रॅकची सुरुवात हजारदा ऐकली जाणार आहे आणि शेवट जवळजवळ कधीच नाही. दोन, तो कुठेही तुटणार आहे. तीन, उंदरालाही तोच मान मिळणार आहे.

लूपबद्दल खूप जण विचारतात. इथे लूप लागत नाही. लढाई लांबली आणि फाइल संपली तर गेम बॅटलमधलीच दुसरी सुरू करतो. त्यामुळे टोकाला टोक बिनजोड जुळवण्यात रात्री घालवू नका.

## २. मूळ फाइली बाजूला काढा

बॅटल फोल्डरची पूर्ण नक्कल करून ती गेमच्या फोल्डरबाहेर, दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. त्यातल्या सगळ्या फाइलींची नावं जशीच्या तशी एका मजकूर फाइलमध्ये उतरवून घ्या, मोकळ्या जागा आणि आकड्यांसकट. ‘बॅटल’ या शब्दानंतर जागा आहे की नाही, याचा पुढे फरक पडतो.

सावध: स्टीम गेम बहुधा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवतो आणि तिथे विंडोज परवानग्यांवरून कटकट करतं. फाइल टाकल्यासारखी दिसते, पण गेमला ती दिसतच नाही, असेही प्रकार होतात. स्टीमची दुसरी लायब्ररी सरळ सी किंवा डी ड्राइव्हवर काढून गेम तिकडे हलवला की ही डोकेदुखी मिटते.

## ३. खोट्या फाइली करा

ही पायरी लोक हसण्यावारी नेतात. माझ्या मते सगळ्या कामात हीच सर्वांत महत्त्वाची.

फोनवर स्वतःचा आवाज मुद्रित करा. ‘एक, एक, एक, एक...’ असं वीसेक सेकंद. मग ‘दोन, दोन, दोन...’. बॅटलमध्ये जितक्या फाइली आहेत तितके आकडे म्हणा. प्रत्येकाची एमपीथ्री करा आणि उतरवून घेतलेल्या नावांपैकी एकेक नाव तिला द्या. कोणत्या नावाला कोणता आकडा दिला, तेही लिहून ठेवा.

आता त्या जागेवर ठेवायच्या. दोन रस्ते आहेत.

मूळ इंजिन: बॅटल फोल्डरमधल्या मूळ फाइली पुसून या फाइली तिथे ठेवा. नक्कल आपण केलेलीच आहे. मॉड ऑर्गनायझर (मॉड, म्हणजे गेममध्ये घातलेले बदल, सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर थेट गेमच्या फोल्डरला हात लावू नका. मॉड म्हणून एक नवा फोल्डर करा, त्यात म्युझिक, त्यात बॅटल, त्यात फाइली.

ओपनएमडब्ल्यू: कुठेही एक नवा फोल्डर करा, समजा ‘माझंसंगीत’ अशा अर्थाचं रोमन नाव देऊन. त्यात म्युझिक, त्यात बॅटल, त्यात फाइली. मग लाँचरमधल्या डेटा डिरेक्टरीच्या यादीत हा नवा फोल्डर जोडा आणि मूळ ‘डेटा फाइल्स’च्या खाली ठेवा. यादीत जो खाली, त्याची फाइल वरच्यावर मात करते.

इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली: यादीत ‘माझंसंगीत’ न देता त्यातला ‘म्युझिक’ फोल्डर दिला जातो. मग इंजिन म्युझिकच्या आत म्युझिक शोधतं, त्याला काही सापडत नाही, आणि जुनंच संगीत वाजत राहतं. जो फोल्डर उघडल्यावर लगेच ‘म्युझिक’ दिसतो, तो द्यायचा.

दुसरी जास्त फसवी आहे. ओपनएमडब्ल्यू सगळे डेटा फोल्डर एकावर एक ठेवून त्यांचा एकच मोठा फोल्डर असल्यासारखं वागतं. नाव तंतोतंत तेच असेल तर तुमची फाइल जुनीला झाकते. नाव वेगळं असेल तर जुनीही राहते आणि तुमचीही, म्हणजे बदल न होता नुसती भर पडते. ‘कधी माझं वाजतं, कधी जुनं’ ही तक्रार इथूनच येते. एक्स्टेन्शनही नावाचाच भाग आहे, हे विसरू नका. ओपनएमडब्ल्यू ऑग फाइलही वाजवतं. पण मूळ एमपीथ्रीच्या जागी त्याच नावाची ऑग ठेवली तर ती झाकणार नाही, शेजारी जाऊन बसेल.

ट्रॅक तीनच आणि जागा जास्त असतील तर तेच तीन ट्रॅक वेगवेगळ्या नावांनी पुन्हा ठेवा. एकही मूळ नाव रिकामं सोडू नका.

## ४. उंदीर बोलवा

गेम सुरू करा, मोकळ्या मैदानात उभे राहा. एस्केपखालच्या कळीनं कन्सोल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा. आधी ‘टीजीएम’ टाइप करा, म्हणजे तुम्ही मरणार नाही. मग ‘प्लेसअ‍ॅटपीसी’ ही आज्ञा: त्यापुढे अवतरणचिन्हात ‘रॅट’, मग स्वल्पविराम देत १, २५६ आणि १. हे सगळं अर्थात रोमन अक्षरांत टाइप करायचं. पहिला आकडा किती उंदीर ते सांगतो, दुसरा किती अंतरावर, तिसरा कोणत्या दिशेला. कन्सोल बंद केला की उंदीर धावून येतो.

आणि मग तुमचाच आवाज कानावर येतो: ‘चार, चार, चार, चार.’ मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा घरचे दार उघडून बघून गेले. बघू देत. या आकड्यांतून जे कळतं, ते तासभर मेनू धुंडाळून कळत नाही.

उंदीर मारा, संगीत बदलेपर्यंत थांबा, दुसरा उंदीर बोलवा. असं दहा-बारा वेळा करा आणि कोणते आकडे आले ते लिहा. मध्येच मूळ संगीत वाजलं तर एखादं नाव चुकलंय. एखादा आकडा कधीच आला नाही तर त्या नावाकडे पुन्हा बघा. ओपनएमडब्ल्यूच्या लॉग फाइलमध्येही वाजलेल्या फाइलीचं नाव सापडतं, तेही ताडून पाहा.

तपासा: सलग बारा लढायांत तुमच्या आवाजाखेरीज काहीही वाजता कामा नये. तोवर पुढे जाऊ नका. ‘नंतर बघू’ म्हटलं की नंतर दोष फाइलीचा, मिक्सचा की फोल्डरचा, याचा थांग लागत नाही.

## ५. लढाया मोजा

आता खोट्या फाइली तशाच ठेवून, टीजीएम बंद करून, नेहमीसारखे दोनेक तास खेळा. पडदा ओबीएस या सॉफ्टवेअरनं मुद्रित करा. नंतर बघताना प्रत्येक लढाईचं संगीत किती सेकंद वाजलं ते वहीत टिपा.

माझ्या वहीत बहुतेक लढाया अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपल्या होत्या. किरकोळ जनावरं तर दहा सेकंदांतच. मिनिटभर चाललेल्या मोजक्याच, आणि त्यातल्या निम्म्या मी पळत सुटलो म्हणून लांबल्या. तुमचे आकडे तुमच्या खेळण्याच्या पद्धतीप्रमाणे वेगळे येतील. ते कागदावर उतरले की चार मिनिटांची चाल बांधण्याचा हट्ट आपोआप सुटतो.

आणखी एक गोष्ट या मोजणीत लक्षात येते. पुष्कळदा शत्रू दिसण्याआधी संगीत बदलतं. पाठीमागून काहीतरी येतंय, हे खेळणाऱ्याला आधी कानांनी कळतं. म्हणजे तुमच्या ट्रॅकचा पहिला सेकंद हा इशारा आहे. तिथे हळूहळू वर येणारा सुरांचा ढग ठेवलात तर तो इशाराच काढून घेतलात.

## ६. चाल बांधा, पण पंधरा सेकंदांपासून

आधी फक्त पहिले पंधरा सेकंद करा. ते गेममध्ये टिकले, तरच पुढचं.

हिशोब सोपा आहे. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांचा, म्हणजे आठ बार सोळा सेकंदांचे. १४० बीपीएमला आठ बार पावणेचौदा सेकंदांत संपतात. या आठ बारांत काय व्हायला हवं?

पहिल्या ठोक्यावर आघात. ढोल, तांब्याची वाद्यं, तारांचा एक करकरीत झटका, काहीही. पण भटकंतीच्या संगीताहून तो क्षणात वेगळा कळला पाहिजे. दुसऱ्या बारापासून लय पक्की. तिसऱ्या-चौथ्या बारापर्यंत मुख्य सुरावट आली पाहिजे, कारण बरेच श्रोते याच्या पुढे जाणारच नाहीत. आपल्याकडच्या शिकलेल्या मंडळींची अडचण इथे होते. हात आलापाकडे वळतो. आधी वातावरण, मग बढत, मग द्रुत, हा क्रम अंगात मुरलेला असतो. इथे थेट द्रुतावरच उतरायचं.

सुरावट लहान तुकड्यांची ठेवा, दोन किंवा चार बारांची. ट्रॅक कुठेही तुटणार, हे ठरलेलंच आहे. सोळा बारांची लांबलचक ओळ अर्ध्यात तुटली की कानाला खटकते. दोन बारांचा तुकडा तुटला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

पुढच्या भागात मात्र मोकळीक घ्या. पंचेचाळीस सेकंदांनंतर जो ऐकतोय तो खरोखर मोठ्या लढाईत सापडलाय. तिथे स्वर वर न्या, वाद्यं वाढवा, हवं तर लय थोडी मोडा. मी साधारण दोन ते अडीच मिनिटांवर थांबतो. शेवटी लांब फेड नको आणि शांतता तर मुळीच नको. दहा सेकंदांचा विरत जाणारा शेवट म्हणजे ऐन लढाईत दहा सेकंद सुनं मैदान.

सावध: सगळे ट्रॅक सारख्याच ताकदीनं सुरू करू नका. दिवसातून चाळीस वेळा उंदरासाठी नगारे वाजले की नगाऱ्यांची किंमत उरत नाही. पाच ट्रॅक असतील तर दोन अंगात येणारे, दोन दबकत पावलं टाकणारे आणि एक जवळजवळ फक्त तालवाद्यांचा, असा मेळ मला बरा वाटतो.

## ७. खरी वाद्यं मुद्रित करत असाल तर

सॅम्पलवर (तयार मुद्रित आवाजांवर) सगळं करणारे हा भाग सोडून देऊ शकतात. पण मी हलगी वापरली आणि तिनं मला दोन दिवस रडवलं, म्हणून सांगतो.

हलगी शेकलेली हवी. थंड चामड्याचा आवाज मऊ पडतो आणि तो मिक्समध्ये कितीही ओढला तरी कडक होत नाही. वाजवणाऱ्याला आधीच सांगा की मधे थांबून पुन्हा शेकावी लागेल. अर्ध्या तासानं पहिल्या आणि शेवटच्या टेकचा आवाज जुळत नाही, हे घरी आल्यावर कळतं. फोन जवळ धरू नका. हलगीचा ठोका फोनचा माइक सहज फोडतो आणि फुटलेला आवाज दुरुस्त होत नाही. सहा-सात फुटांवर, शक्यतो गोधड्या-पडदे असलेल्या खोलीत, आणि आधी दहा सेकंदांची चाचणी घेऊन तरंगाकृती बघा. वरचं टोक सपाट कापल्यासारखं दिसलं की अजून मागे सरका.

मुद्रित फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची. नाहीतर दाबली जाण्याची शक्यता असते, आणि आपण मात्र हलगीला दोष देत बसतो.

तालाचा घोळही आधीच मिटवा. वाजवणाऱ्याच्या कानात क्लिक (तालाची टिकटिक) द्या. हलगीवाले क्लिकवर वैतागतात, ते साहजिकच आहे. मग त्यांना मोकळं वाजवू द्या आणि सॉफ्टवेअरमधला वेग त्यांच्याप्रमाणे जुळवा. त्यांचे ठोके एकेक करून ग्रिडवर सरकवू नका. त्यातला झोकच निघून जातो.

## ८. मिक्स करताना गेमला जागा सोडा

तुमचा ट्रॅक एकटा वाजणार नाही. त्याच्यासोबत तलवारीचा खणखणाट, बाणाची सळसळ, मंत्रांचे स्फोट आणि तुमच्याच पात्राचं कण्हणं असणार. हे आवाज बरेचसे मधल्या-वरच्या पट्टीत असतात, साधारण दोन ते पाच किलोहर्ट्झच्या आसपास. आणि हलगीची काडी, व्हायोलिनचा गज, गिटारची करकर, सगळी नेमकी तिथेच बसते.

म्हणून पाचव्या पायरीसारखेच, पण एका लढाईचे नुसते आवाज मुद्रित करून घ्या. गेममध्ये संगीत शून्यावर नेऊन एक लढाई पुन्हा मुद्रित केली की झालं. तो आवाज तुमच्या प्रोजेक्टमध्ये वेगळ्या ट्रॅकवर टाका आणि त्याच्यासोबत मिक्स करा. जिथे तलवार बुडते, तिथे संगीतात दोन-तीन डेसिबलचा खड्डा पाडा. माझ्या हलगीला शेवटी तीन डेसिबल खाली यावं लागलं. एकटी ऐकली तर थोडी बोथट वाटते, गेममध्ये नेमकी बसते.

तपासा: डोळे मिटून ऐका. वार लागला की चुकला, हे आवाजावरून कळतंय का? कळत नसेल तर संगीत खाली आणा, तलवार वर नेऊ नका. ती तुमच्या हातात नाही.

## ९. आवाजाची पातळी जुळवा

या पायरीवर सर्वांत जास्त ट्रॅक फसतात. कारण आकडे चुकीच्या ठिकाणाहून उचलले जातात.

ऑडॅसिटीमधलं ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ उघडलं की तिथे आधीच उणे २३ एलयूएफएस (आवाज किती मोठा भासतो याचं एकक) लिहिलेलं असतं. ते टीव्ही-रेडिओ प्रसारणाचं माप आहे. स्ट्रीमिंगवाले उणे १४ सांगतात. तुम्हाला यातलं काहीही नको. तुमचं माप म्हणजे बाजूला काढून ठेवलेल्या मूळ फाइली.

त्यातल्या तीन-चार सॉफ्टवेअरमध्ये ओढा आणि मीटर लावा. पूर्ण ट्रॅकचा सरासरी आकडा बघू नका. वाद्यवृंदाच्या संगीतात हळवे भाग असतात, ते सरासरी खाली ओढतात. पहिल्या पंधरा सेकंदांचा शॉर्ट-टर्म (थोड्या सेकंदांपुरता) आकडा बघा, कारण ऐकले जाणार आहेत तेच. मग तुमच्या ट्रॅकचे पहिले पंधरा सेकंद त्याच्या आसपास आणा. एखादा डेसिबल इकडेतिकडे चालेल. पाच-सहा चालणार नाही: भटकंतीचं संगीत तुम्ही बदललेलं नाही, त्यामुळे दर लढाईला खेळणारा दचकून आवाज कमी करेल आणि लढाई संपल्यावर पुन्हा वाढवेल.

पातळी जुळवायला लिमिटरनं (शिखरं दाबणाऱ्या साधनानं) चेपू नका, फेडर (आवाजाचा दांडा) खाली घ्या. शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण एमपीथ्री करताना शिखरं थोडी वर सरकतात.

## १०. एक्सपोर्ट

आधी वेव्ह फाइल काढा: ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. तीच तुमची मूळ प्रत. एमपीथ्री नेहमी तिच्यापासून करायची. एमपीथ्री उघडून, बदलून, पुन्हा एमपीथ्री करायची नाही.

एमपीथ्रीसाठी १९२ केबीपीएस, स्थिर बिटरेट पुरे. टॅगमध्ये मुखपृष्ठाचं चित्र वगैरे घालू नका; गेमला त्याचा उपयोग नाही आणि जुन्या इंजिनला नको तो खाऊ कशाला द्यायचा.

सुरुवातीची रिकामी जागा कापा. पुष्कळ जण पहिला बार मोकळा सोडून दुसऱ्यापासून लिहितात आणि एक्सपोर्ट मात्र शून्यापासून करतात. १२० बीपीएमला ती दोन सेकंदांची शांतता झाली. उंदीर तेवढ्यात दोनदा चावून जातो.

शेवटी उतरवून घेतलेली नावं तंतोतंत द्या आणि खोट्या फाइलींवर या फाइली ठेवा.

तपासा: फोल्डर उघडून दोनच गोष्टी बघा. फाइलींची संख्या पहिल्याइतकीच आहे ना? आणि कुठे दोनदा एमपीथ्री लिहिलेलं नाही ना?

## ११. खरी चाचणी

पुन्हा उंदीर. पण आधी सगळ्या जागी एकच ट्रॅक ठेवा, म्हणजे नशिबावर अवलंबून राहावं लागत नाही. त्याच्यासोबत वीस लढाया करा. वीस झाल्यावरही तो ट्रॅक बंद करावासा वाटला नाही, तर पास. बहुतेक पहिले मसुदे आठव्या-नवव्या लढाईत नकोसे होतात. माझ्याकडे एक शिट्टीसारखी सुरावट होती, पहिल्यांदा ऐकणाऱ्या सगळ्यांना आवडलेली. बाराव्या उंदराला मीच ती काढून टाकली.

ट्रॅक लढाईशिवाय नुसता ऐकायचा असेल तर कन्सोलमध्ये ‘स्ट्रीमम्युझिक’ आज्ञा आहे. तिला म्युझिक फोल्डरपासूनचा रस्ता द्यायचा, म्हणजे बॅटल, तिरकी रेघ, फाइलीचं नाव. पण निकाल त्यावर लावू नका. शांत उभं राहून ऐकलेलं आणि मार खात ऐकलेलं संगीत वेगळं असतं.

चाचणीच्या वेळी आवाजाच्या मेनूतला संगीताचा सरकता दांडा तुम्ही नेहमी ठेवता तिथेच हवा. मग एकदा लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरवरही खेळा. बास नाहीसा झाला की लय शिल्लक राहते का, ते तिथे कळतं.

## १२. दुसऱ्यांना द्यायचं असेल तर

वाटायच्या पेटीत (झिप फाइलीत) फक्त म्युझिक, त्यात बॅटल, त्यात तुमच्या फाइली. वर आणखी एक फोल्डर गुंडाळू नका. मूळ गेमची एकही संगीत फाइल चुकूनसुद्धा आत जाऊ देऊ नका, ती वाटायचा हक्क तुमचा नाही. बॅटल फोल्डरची झिप करून वर चढवणाऱ्यांकडून ही चूक होते, म्हणून स्वच्छ, नव्या फोल्डरमधूनच पेटी बांधा.

‘स्वतःचं संगीत’ म्हणजे सॅम्पलही तपासलेली. रॉयल्टी-फ्री लिहिलेल्या प्रत्येक लूपचा परवाना सारखा नसतो. काहींत संगीतात मिसळून वापरायला मुभा असते, पण लूप उघडा ठेवून वाटायला नाही. फक्त तबल्याचा लूप आणि वर एक स्वर असा ट्रॅक असेल तर परवाना नीट वाचा. हलगी वाजवणाऱ्याशीही आधीच बोला, शक्य असेल तर लेखी, आणि वाचा-फाइलमध्ये (रीडमी) त्यांना हवं तसं त्यांचं नाव द्या.

हेच ट्रॅक एखाद्या वितरकामार्फत स्ट्रीमिंगवर टाकायचे असतील तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीच्या (व्हिडिओतलं संगीत ओळखणाऱ्या यंत्रणेच्या) पर्यायावर खूण करण्याआधी थांबा. ती खूण केली की तुमचा मॉड घालून खेळणाऱ्यांच्या व्हिडिओंवर तुमच्याच नावानं दावे लागू शकतात. मग ते मॉड काढून टाकतात, आणि का काढला ते तुम्हाला कुणी कळवतही नाही.

वाचा-फाइलमध्ये तीन ओळी पुरतात: फोल्डर कुठे ठेवायचा, ओपनएमडब्ल्यूच्या यादीत तो मूळ डेटाच्या खाली हवा, आणि मूळ संगीत परत कसं आणायचं. स्टीमवर शेवटचं सोपं आहे, गेमच्या फाइलींची पडताळणी केली की जुने ट्रॅक परत येतात. मात्र हेच उलट्या बाजूनंही होतं: दुसऱ्याच कुठल्या अडचणीसाठी पडताळणी केली आणि थेट बॅटल फोल्डरमध्ये ठेवलेले तुमचे ट्रॅक पुसले गेले, तर पुन्हा फाइली ठेवा आणि एक उंदीर बोलवा.